हमीच्या वहीतला अंगठा

परत तेच! चहाला म्हणून बोलावता आणि गोष्ट काढायला लावता. तुम्ही तिघं नवे मास्तर, शिकलेले. मी शाळेचा शिपाई, तिसरीतून पळालेला. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मध्ये कुणी फिदीफिदी केलं तर उठून जाईन. फौझी, तुलाच सांगतोय.

आमचे जुने नाझिर, म्हणजे हेडमास्तर, उस्ताद फिक्री, त्यांची ही गोष्ट. त्यांनीच मला सांगितली, पहाटे, याच पायरीवर बसून. खोटं बोलणारा माणूस नव्हता. हट्टी होता.

सप्टेंबरची एकोणीस, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा उघडायची. संध्याकाळी ते दमनहूरच्या गाडीतून उतरले. हातात एक पिशवी, दाढी वाढलेली. मी म्हटलं, "नाझिरसाहेब, तुमची तर बदली झाली होती ना?"

"रद्द करून घेतली. हजेरीपट लिहायचाय, बदावी. किल्ली दे आणि घरी जा."

हजेरीपट एका नावासाठी अडला होता, ते मला ठाऊक होतं. शाझली. तेरा वर्षांचा. पहाटे मामाबरोबर तळ्यावर जाळं ओढायचा आणि शाळेला उशिरा यायचा. मार्चमध्ये नाझिरांनी त्याला फाटकात अडवलं.

"पालकांना आण. हमीच्या वहीत लिहून दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही."

आई आली. अंगठा पुढे करून उभी राहिली बिचारी. नाझिर म्हणाले, "बाई, कायद्यानं पालक म्हणजे बाप. तुमचा अंगठा चालत नाही."

बाप, अतिया, चार वर्षांपूर्वी होडीत बसून इटलीला गेलेला. त्यानंतर ना फोन, ना निरोप. बायको म्हणायची, कामात असेल.

पोरगा म्हणाला, "मग त्यांनाच घेऊन येतो."

मुलं हसली. मीही हसलो. फाटक मीच लावलं.

मे महिन्यात तो तसल्याच होडीत बसला. होडी पोचली नाही. बुडाली असंही कुणी सांगेना. आई रोज रात्री दोन ताटं झाकून ठेवायची.

तर त्या रात्री साडेअकराला वीज गेली. नाझिरांनी मेणबत्ती लावली. नावं लिहीत लिहीत त्या नावापाशी आले. पेन थांबलं. लिहायचं, तर पोरगा कुठाय? नाही लिहायचं, तर...

दार वाजलं. दोनदा. हळू.

"आत येऊ, सर?"

नाझिरांना तो आवाज कळला. म्हणाले, "ये."

"एकटा नाहीये. बाबांना आणलंय."

नाझिरांची मान वर होईना. मेणबत्तीच्या उजेडात टेबलाची कड दिसत होती. कडेवर पोराची बोटं. मागे कुणीतरी उंच.

"कुठे होते हे?"

"खाली. खूप खाली. फार शोधावं लागलं, सर. वही काढा ना."

त्यांनी वही काढली. हमी त्यांनीच लिहिली. शाईचा पॅड उघडला. उन्हाळ्यात वाळून टणक झालेला. तसाच पुढे सरकवला.

एक मोठा हात आला. टेकला. गेला.

"आता आत येऊ ना?"

"ये, बाळा. ये. माझंच चुकलं रे..."

मान वर केली. दार उघडं. कुणी नाही.

मी पहाटे आलो तेव्हा ते पायरीवर होते. वही मांडीवर. हमीखाली अंगठा. निळा, ठसठशीत. मधोमध तिरपी चीर.

उम्म शाझलीला, म्हणजे शाझलीच्या आईला, मीच बोलावून आणलं. तिनं त्या चिरेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "मासा साफ करताना त्यांना सुरी लागली होती. लग्नाच्या वर्षी. मीच बांधलं होतं." रडली नाही. विचारलं, "बदावीकाका, दोघं बरोबर होते ना?"

मी म्हटलं, "हो गं पोरी. बरोबर होते."

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा दुखवट्याचं काळं नेसलं. त्या रात्री ताटं झाकली नाहीत.

आणि आपले उपमुख्याध्यापक, उस्ताद बस्यूनी, सगळ्यांसमोर म्हणतात, बाईची समजूत काढायला या बदावीनंच स्वतःचा अंगठा मारला! मी तिथल्या तिथे त्याच पानावर माझा अंगठा उठवला. नवा पॅड आणवून. बघा जाऊन, कपाटात आहे वही. माझा सपाट आहे, एक ओरखडा नाही. शेजारी तो चिरलेला.

मला खोटारडा म्हटलं त्याचं काही नाही. पण तो अंगठा माझा असेल, तर ते पोरगं तिथे खाली एकटं आहे. हे त्या बाईच्या तोंडावर बोलला तो. मी त्याला म्हटलं, तिच्याकडे जा, माफी माग. माझी नंतर माग. अजून गेला नाही, उस्ताद बस्यूनी.