लाखात एक

त्या काळात औषध शोधत बसावं लागत नसे. हवं तसं घडवून घेता येई. पेशीच्या अंगावर ग्राही असतात, म्हणजे दारावरचे कोयंडेच म्हणा. शरीराचे निरोप कडीसारखे त्यांत अडकले की आत हालचाल सुरू होते. एखाद्या कोयंड्यात नेमकं बसेल असं प्रथिन संगणकावर आखायचं, जीवाणूंकडून बनवून घ्यायचं, आधी उंदरांवर तपासायचं. एकदा चिकटलं की सोडत नाही, म्हणून प्रयोगशाळेत त्याला ‘बिलगू’ म्हणत.

ऋजुता असे बिलगू घडवायची. प्रयोगशाळेचा दम्यावरचा बिलगू उंदरांच्या कानातल्या पेशींनाही धरतो, हे संचालक डॉ. कारखानिसांना ठाऊक होतं. त्यांनी ते अहवालातून गाळलं. तेच औषध ऋजुताच्या मुलाला, निहारला दिलं गेलं. आता तिने कितीही हाका मारल्या तरी तो वळत नाही.

“तक्रार कर ना,” तिची थोरली बहीण सुनेत्रा म्हणाली.

“केली. चौकशी समितीवर तोच अध्यक्ष.”

“मग काय, विष घालणारेस?”

“मरून सुटेल मेला! ताई, आपलं माणूस आपलं वाटतं ना, त्याचाही मेंदूत एक कोयंडा असतो. मी तो बंद करणारे. नाकातून बिलगू पोचतो तिथे.”

“अगं, मग वास घेईल त्या सगळ्यांचाच बंद होईल!”

“नाही. त्याच्या कोयंड्याची घडण लाखात एक आहे. साहेबांना मिरवायची हौस ना, प्रत्येक नवा प्रयोग आधी स्वतःच्या पेशींवर. नमुना फ्रीजमध्येच पडलाय. तसाच कोयंडा बसवलेली उंदरीण घेतली, तिला बिलगू हुंगवला. पिल्लं घरट्याबाहेर चिरकत होती, तर बाई त्यांच्यावरून चालत खायला गेली.”

सांगताना ऋजुता हसली. सुनेत्राने चहा खाली ठेवला.

संक्रांतीनंतर कारखानिसांच्या नातीचं, दहा महिन्यांच्या रेवाचं बोरन्हाण होतं. हळदीकुंकवाच्या बायकांना सून जुई अत्तर लावत होती. कारखानिसांनी हात पुढे केला, “आम्हालाही लावा की कुणीतरी!” ऋजुताने पर्समधली कुपी काढून त्यांच्या हातावर टेकवली.

त्यांनी हात हुंगला. “वा!” म्हणाले, आणि हलव्याचे दागिने घातलेल्या रेवाला उचललं. रेवाने तोच हात दोन्ही मुठींत धरून नाकातोंडाशी नेला.

“कपाळ बघा, नाक बघा,” कुणीतरी म्हणालं, “अगदी आजोबांवर गेलीय!”

ऋजुताने रेवाच्या मुठींकडे पाहिलं. लाखातली घडण रक्तातून उतरते, हे ती शिकली होती. पण सूड घेताना तिला तो एकटाच दिसत होता. ओरडावं? मग तुरुंग. निहारचं कोण करणार? तिने कुपीला बूच लावून ती पर्समध्ये टाकली.

काही दिवसांनी जुई रेवाला घेऊन प्रयोगशाळेत आली. सोबत कारखानीस.

“सगळे म्हणतात गुणी आहे, कुणाकडेही जाते,” जुई म्हणाली. “पण ऋजुताताई, मी खोलीबाहेर गेले तरी रडत नाही. परत आले तरी बघत नाही. काल शेजारच्या काकूंकडे दिली, तर तिकडेच झोपली.”

ऋजुता कारखानिसांच्या चेहऱ्यावर दुःखाची एक तरी रेघ शोधत होती.

“वजन उत्तम आहे,” ते मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले. “उगाच रडारड. मला मीटिंग आहे, तुम्ही बोला.” आणि गेले. जाताना नातीकडे वळून पाहिलं नाही.

जुईने डोळे पुसले.

“तुम्हीही आई आहात, म्हणून विचारते. माझंच काही चुकलं का हो?”