जमनाबाईंचा डावा हात

बसा. गोष्ट भरदुपारची आहे, तरी सांगताना मी दार लोटून घेतो. सवय झालीय.

चौऱ्याण्णवचा मार्च होता. बनशंकरीत माझं मानसोपचाराचं छोटंसं क्लिनिक होतं. एक दिवस कृष्णात नावाचे गृहस्थ आले. त्यांचं घराणं तीन पिढ्या बेंगळूरात, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. म्हणाले, "आमच्या काकूंना झोप नाही. स्वल्प घरी येऊन बघता? त्यांना मन मोकळं करायला मराठीच लागते." घर जवळच होतं. जेवण उरकून गेलो.

त्याआधी थोडं माझ्या घरचं सांगायला हवं. मी आणि माझी बायको हेमलता, दोघं पुण्यात मानसशास्त्राच्या एकाच वर्गात होतो. व्हिएन्नाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटायचं. नेणिवेत जे असतं ते ज्याचं त्याचंच. दडपलेली इच्छा, लपवलेली शरम. हेमलताला पटायचा त्यांच्यापासून फुटून निघालेला स्विस शिष्य. आपापल्या नेणिवेच्या खाली आणखी एक नेणीव असते, ती सगळ्या माणसांची मिळून एकच, असं तो सांगायचा. आम्ही जेवताना यावरून भांडायचो. मुलगी स्वानंदी वैतागून म्हणायची, "आता दोघं गप्प बसा!"

स्वानंदी सहा वर्षांची होऊन गेली. त्र्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, मेंदूच्या तापाने.

महिन्याभराने हेमलता मला म्हणाली, "विद्याधर, ती स्वप्नात येते रे. काहीतरी मागते."

मी म्हटलं, "ती येत नाही, हेमा. तू तिला आणतेस. ती तुझी इच्छा आहे."

हेमलताने मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे दुसरेही विषय काढले नाहीत.

तर, जमनाबाई. साठी उलटलेल्या, विधवा, मूलबाळ नाही. खोली मागच्या अंगाला होती. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत ओलसर, कापराचा वास असलेला गारवा. त्या पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"एक पोर येते, डॉक्टरअण्णा," त्या हळूच म्हणाल्या. "दुपारी डोळा लागला की येते. पायथ्याशी बसते."

मी वहीत लिहिलं : अपत्य नसल्याचं दुःख. इतकं सोपं वाटलं मला ते.

"काही बोलते?"

"बोलते ना. पडदा काढ, म्हणते. इथे कुठेय पडदा?" त्यांनी उघड्या खिडकीकडे बोट दाखवलं. "मी म्हणते, बाळा, पडदा नाहीच आहे... तर रडते. म्हणते, 'काढतो' म्हणून गेला... आलाच नाही."

माझ्या हातातलं पेन थांबलं. कोण गेला, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी हेमलता कपडे आणायला घरी गेली होती. वॉर्डात लख्ख ऊन होतं. स्वानंदी डोळे उघडे ठेवून म्हणाली, "बाबा, पडदा काढ ना." त्या खिडकीला पडदा नव्हता. तिची नजर गेली होती. मी "काढतो हं" म्हटलं, डॉक्टरांना बोलवायच्या निमित्ताने बाहेर आलो आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. आत जायचं धैर्य होईना. गेलो तेव्हा उशीर झाला होता. हेमलताला सांगितलं, "झोपेतच गेली. मी हात धरून बसलो होतो."

हे मी कुणाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. दडपलेलं होतं ते माझं होतं. मग ते या अनोळखी बाईच्या झोपेत कसं आलं? एकाचं गुपित दुसऱ्याला दिसतं, असं तर त्या स्विस शिष्यानेही म्हटलेलं मी वाचलं नव्हतं.

घरी येऊन हेमलताला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "स्वप्नात ती मलाही रोज तेच सांगते."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, ते माझंच मन आहे. मला वाटलं, मीच तुझ्यावर आळ घेतेय."

मी दुसऱ्याच दिवशी जमनाबाईंकडे गेलो. हेमलताला न विचारता. म्हटलं, "आता आली की सांगा, पडदा काढला. जवळ घ्या, झोपवा." त्या "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या.

त्याच आठवड्यात हेमलता दुपारची झोपून उठली आणि बराच वेळ पलंगावर बसून राहिली. "आज आली नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी काय केलं ते सांगितलं.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तिला झोपवायला मी नव्हते का रे?"

आम्ही दोघं तसेच जमनाबाईंकडे गेलो. त्या पलंगावर आडव्या होत्या. डावा हात कोपरात दुमडून अंगाशी धरलेला, कुशीत डोकं घ्यावं तसा. कृष्णात म्हणाले, चार दिवस हात सरळ होत नाही. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, शिरा-स्नायू ठीक आहेत. माझ्या पुस्तकात याला नाव होतं. मी ते उच्चारलं नाही.

"उपचार करू," मी म्हटलं, "हात सुटेल."

"नको," जमनाबाई कुजबुजल्या. "सरळ केला तर उठेल ती..."

हेमलता पलंगाशी खाली बसली. तिने आपला तळवा त्या कोपराच्या खळग्यावर, हवेतच, अलगद धरला, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

तेव्हापासून ती रोज दुपारी तिथे जाते. माझ्याशी बोलते, कामापुरतं. मी क्लिनिक बंद केलं. आता कॉलेजात शिकवतो. दोन्ही मतं शिकवतो, एकही पटवून देत नाही.

आता नव्याण्णव चालू आहे. मागच्या आठवड्यात बऱ्याच दिवसांनी हेमलताबरोबर गेलो होतो. जमनाबाईंचा हात तसाच आहे, पण कोपराची घडी पहिल्यापेक्षा सैल झालीय, चांगली वीतभर. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"जागा पुरत नाही आता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोर वाढतेय ना, अण्णा..."