नको असलेल्या शब्दांची यादी

लोअर परळच्या जांभेकर चाळीत पाण्याची वेळ बदलली, कुणाकडे बारसं ठरलं, पुनर्विकासाची सभा कधी आहे, हे सारं पूर्वी दिंडी दरवाज्याशेजारच्या काळ्या फळ्यावर लिहिलं जाई आणि लिहिणारा हात एकच असे. सुचित्राबाई परबांचा. बाईंनी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, संध्याकाळी गिरणी कामगारांचा साक्षरता वर्ग चालवला, आणि फळ्यावर कुणी आगाऊपणा केलाच तर तो ओल्या फडक्यानं स्वतः पुसला. पुढे फळा गेला, मोबाइलवर चाळीचा ग्रुप आला. त्याची ॲडमिन कोण, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

ग्रुपवर आधी फुलं आली, मग देव आले आणि पुनर्विकासाचा विषय निघताच शिव्या आल्या. बाईंची नात आकांक्षा, तिनं एक बॉट बसवून दिला. त्याला नको असलेल्या शब्दांची यादी द्यायची. त्यातला शब्द ज्या संदेशात असेल, तो संदेश कुणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच नाहीसा होई. बाईंनी एका दुपारी चष्मा लावून बावीस शिव्या टाइप केल्या. जन्मात त्या कधी उच्चारल्या नव्हत्या, पण शुद्धलेखन एकीचंही चुकलं नाही.

उरला एकच उपद्रव. खोली एकतीसचे बुधाजी गावकर. गिरणीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ शिवी कधी देत नसे. तो प्रश्न विचारी. "सभेत वडा खाल्लात, सही कशावर केलीत ते वाचलंत काय?" खाली पत्रासारखं, 'आपला, बुधाजी गावकर.' लिहिलेल्याखाली सही हवी, ही शिस्त त्यांना बाईंनीच साक्षरता वर्गात लावली होती. मग दिवसभर त्यांच्या नावानं शिमगा चाले.

"काढून टाका ना त्यांना, बाई," दुसऱ्या मजल्यावरचा हितेंद्र म्हणाला. मॉलच्या ऑफिसात कामाला असलेल्या या मुलाला बाईंनी मदतनीस ॲडमिन केलं होतं.

"भाडेकरूला काढता येत नाही. त्याचा हक्क आहे."

"मग नाव टाका यादीत. नाव घेतल्याशिवाय लोक भांडणार कसे?" तो हसला. "आणि रागावू नका हां, त्यांच्या खालोखाल भांडणात नाव तुमचंच येतं."

बाई हसल्या नाहीत. पुनर्विकासात नवी खोली मिळणाऱ्या पात्र भाडेकरूंची यादी लागायला चार दिवस उरले होते आणि त्यांना चाळ शांत हवी होती. त्यांनी तेविसावा शब्द टाइप केला : बुधाजी.

ग्रुप खरोखरच शांत झाला. गावकरांचे संदेशही येईनात, कारण प्रत्येकाखाली त्यांची सही असे. दोन दिवस बाईंना बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दूध घेऊन परतताना त्यांची नजर भाडेकरूंच्या नावांच्या लाकडी पाटीवर गेली. एकतीस क्रमांकापुढे मोकळी जागा होती आणि मग 'गावकर'. कुणी खरवडल्याची खूण नव्हती. पिवळा रंग सलग होता, आणि शेजारच्या नावांवर साचली होती तेवढीच धूळ त्या मोकळ्या जागेवरही होती.

गुरुवारी यादी लागली. 'खोली ३१ : गावकर. शेरा : नाव नाही, अपात्र.' चाळीत गावकर सहा घरं होती. नुसत्या आडनावानं काही सिद्ध होत नव्हतं. हरकत घ्यायची मुदत सोमवारपर्यंत.

संध्याकाळी गावकर भाडेपावत्यांचा गठ्ठा घेऊन बाईंच्या दारात उभे राहिले. जुन्यात जुन्या पावतीवरही नावाची जागा कोरी होती. आधार कार्डावरही.

"बाई, माझी खोली जातली. ह्या वयात खंय जाव?"

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. पुढे नावानं धीर द्यावा म्हणून त्यांची जीभ वर उचलली गेली आणि तशीच खाली बसली. "नाव सांगा तुमचं. मी अर्ज लिहिते."

गावकरांनी तोंड उघडलं. ओठ हलले. नळावर कुणी तरी बादली सरकवल्याचा आवाज तेवढा आला.

शनिवारी गच्चीवर हळदीकुंकू होतं. गावकरांच्या पत्नी राधाबाई जुन्या वळणाच्या. नवऱ्याचा उल्लेख 'आमचे हे' असाच. पन्नास वर्षांत त्यांनी त्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, आणि तो उखाणा साऱ्या चाळीला पाठ होता. बाई मुद्दाम पुढे जाऊन बसल्या. "राधाबाईंना आधी घेऊ द्या."

"इश्श, दरवर्षी तोच," राधाबाई लाजल्या. "तरी घेते. गिरणीचा भोंगा वाजला, पहिली पाळी सुटली…"

बायका थांबल्या.

"…च्या हाकेसरशी चूल माझी पेटली."

मधल्या जागी काहीच नव्हतं. टाळ्या पडल्या, कुणी तिळगूळ पुढे केला. राधाबाईंचं कुंकवाचं बोट मात्र हवेतच राहिलं.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "मी घेतलं ना नाव?"

बाई खाली आल्या. बॉटची यादी उघडली. बावीस शिव्या आणि तेविसावी ओळ रिकामी. शब्द काढायचा तर तो टाइप करणं भाग होतं.

रविवारी सकाळी त्यांनी ट्रंकेतून साक्षरता वर्गाची वही काढली. गावकरांचं पान त्यांना नेमकं ठाऊक होतं. गिरणीतून थेट आलेला, तेलकट हातांचा तरुण सही शिकला तेव्हा दहा ओळी एकच नाव गिरवून गेला होता. त्या दहाही ओळी आता कोऱ्या होत्या. पेनानं उमटलेल्या खाचा शोधत बाईंनी पानावरून बोट फिरवलं. दाब लागत होता.

त्यांनी पेन्सिलीचं शिसं आडवं धरून कागदावर घासलं. करड्या रंगातून पांढरी अक्षरं वर आली. अक्षरं दिसत होती, त्यांचा शब्द होत नव्हता. पहिलीतल्या मुलानं उतरवावं तसं एकेक अक्षर बघून बाईंनी ते मोबाइलवर उतरवलं.

'शब्द काढला,' बॉटनं कळवलं.

"बुधाजी," बाई मोठ्यानं म्हणाल्या. वहीत दहा ओळी निळ्या शाईत परत आल्या होत्या.

सोमवारी पाटीवर नाव होतं, पावत्यांवर नाव होतं. उरली होती ती कचेरीतली छापील यादी. तिच्यावर हरकतीचा अर्ज बाईंनी स्वहस्ते लिहिला. चाळीची प्रतिनिधी म्हणून सही त्यांचीच लागणार होती. तिच्यावाचून अर्ज घेत नसत. बुधाजी गावकर चप्पल घालून दारात तयार उभे होते.

जिन्यावरून हितेंद्र उतरला. "बाई, तुम्ही त्यांचं नाव यादीतून काढलंत ना, काल सगळे तुमच्यावरच घसरले. नाव घेऊन घेऊन काय काय लिहीत होते. मी केला बंदोबस्त. आता बघा, एकदम शांत."

"कसला बंदोबस्त?"

"तुम्ही त्यांचा केलात तोच." तो कामाला निघून गेला.

बाईंनी मोबाइल पाहिला. तेवीस शब्द. तेविसावी ओळ रिकामी.

पाटीकडे जाऊन पाहायचं त्यांना धैर्य झालं नाही. चाळीत त्यांना तोंडावर सगळे बाईच म्हणत. यजमान गेल्यापासून, बारा वर्षं, नावानं हाक कुणी मारलीच नव्हती. कुणाला काही उणं वाटणार नव्हतं.

"बाई, सही करतास ना? कचेरी बंद होतली."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. अर्जाखाली, नेहमीच्या ठाम वळणानं, हात डावीकडून उजवीकडे गेला आणि शेवटी रेघ मारून थांबला.

नावाची जागा कोरी होती. पुढचं 'परब' आणि खालची रेघ तेवढी उमटली होती.

बाईंनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. दाब लागत होता.