ठिणगीचं बेट

लग्नाला चार महिने झाले होते, आणि तेवढ्यात सुनेला घरातल्या दोन गोष्टी पक्क्या कळल्या होत्या. एक म्हणजे, तिचा नवरा एखादी गोष्ट सोपी करायला निघाला की घरातलं काहीतरी नाहीसं होतं. किल्ल्या सांभाळण्याची कटकट नको म्हणून त्याने दाराला अंगठ्याचं कुलूप बसवलं, आणि किल्ल्या गेल्या. दुसरी गोष्ट, दुपारी चार वाजता सासऱ्यांशी बोलायचं नाही.

चार वाजता सासरे टीव्हीसमोर बसत. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. गेमचा रिमोटही स्टेअरिंगसारखा दोन्ही हातांनी छातीसमोर धरायचा. पडद्यावर एक बेट आणि बेटावर एक लाकडी घर. ते घर बांधलं होतं त्यांच्या लेकीने, शेवटच्या आजारपणात. तिला भडकायला निमित्त लागायचं नाही, म्हणून घरादारात सगळे तिला ठिणगीच म्हणत. त्या घराच्या भिंतींवर तिने बाबांसाठी चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या. मोजून एक्केचाळीस. ‘बाबा, गोळी घेतली का?’ ‘बाबा, दादा हुशारी दाखवायला लागला की मान डोलवायची आणि आपल्याला हवं तेच करायचं.’ सासरे रोज एक चिठ्ठी वाचत. एक्केचाळीस संपल्या की पुन्हा पहिली.

ठिणगीला जाऊन तीन वर्षं झाली होती. सुनेने तिला पाहिलंही नव्हतं. पण चहाचा कप ठेवताना एखादी चिठ्ठी नजरेला पडली की तिला वाटायचं, ही असती तर आपली गट्टी जमली असती. आपण जे मनात बोलतो, ते ही तोंडावर बोलते.

त्या शुक्रवारी मात्र सासरे हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. पडद्यावर बेटाच्या मधोमध एक पांढरी चौकट आली होती.

‘या खेळाचा परवाना संपत आहे. आज सायंकाळी सहा वाजता खेळ आपल्या खात्यातून काढून घेण्यात येईल. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’

“सूनबाई,” सासरे म्हणाले, “कुणाच्या सहकार्याबद्दल बोलतायत हे? मी तर काही केलं नाही.”

सुनेने नवऱ्याला फोन लावला. तो गेम विकणाऱ्या कंपनीतच होता, ग्राहकांना अशा सूचना पाठवणाऱ्या विभागात.

“अगं, मीच लिहिलीय ती,” तो खुशीत म्हणाला. “भाषा कशी वाटली?”

दोन महिन्यांपूर्वी याच माणसाने नवीन मशीन आणलं होतं. त्याला डिस्क घालायची फटच नव्हती. जुनं मशीन आणि ठिणगीच्या चाळीस डिस्क त्याने बदल्यात दुकानात देऊन टाकल्या. “डिस्क म्हणजे धूळ, ओरखडे, कटकट. आता सगळं वर असतं,” असं म्हणत त्याने छताकडे बोट दाखवलं होतं. ठिणगीचं घरही त्याने इंटरनेटवरून असंच वर चढवलं होतं. वर गेलेलं माणूस खाली येत नाही, हे या घराला निराळं सांगायला नको होतं. पण तेव्हा सुनेने तोंड उघडलं नव्हतं.

“आपण तो गेम विकत घेतला होता ना?” तिने विचारलं.

“विकत नाही गं. वापरायची परवानगी घेतली होती. अटींमध्ये लिहिलेलं असतं. कोणी वाचत नाही, त्याला आम्ही काय करणार?”

“आणि डिस्क घरात असती तर?”

“तर कुणाच्या बापाला काढून घेता आली नसती.” तो हसला. “म्हणून तर बंद केल्या.”

सुनेने फोन ठेवला. तिची कानशिलं तापली होती. आवाज चढवणं तिला माहेरीही कधी जमलं नव्हतं. तिने चपला घातल्या आणि ती बाहेर पडली.

डिस्कवाल्याचं दुकान मागच्या गल्लीत होतं. तो आवराआवर करत होता. फळ्या अर्ध्याअधिक रिकाम्या झाल्या होत्या, आणि डिस्क घासायच्या यंत्रातून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. काउंटरवर नव्या गेमची डबी उघडी पडली होती. तिच्यात एक कागद होता आणि कागदावर गेम उतरवून घ्यायचे आकडे. डिस्क नव्हतीच. ताट मांडायचं आणि जेवणाचा फोटो पाठवायचा, तशातली गत.

तिने बेटाचं नाव काढताच डिस्कवाल्याचा हात थांबला. त्याने गल्ल्याखालचा खण उघडून एक डिस्क काढली. तिच्यावर काळ्या जाड अक्षरांत लिहिलं होतं, ‘हात लावाल तर खबरदार.’

“ताई, ही तीन वेळा विकली,” तो म्हणाला. “तिन्ही वेळा आठ दिवसांत परत आली.”

“खराब आहे?”

“एक ओरखडा नाही.” त्याने आवाज खाली आणला. “पण नेणारे सांगतात... बेटावर आधीच कुणीतरी राहतंय. घर आहे, दार आतून लावलंय. आणि ठोठावलं की...”

“की काय?”

“आतून बाई अंगावर येते. म्हणजे आवाज. निघा म्हणते, कुणाला विचारून आलात म्हणते. ताई, या गेममध्ये माणसाचा आवाजच नाही. वारा आहे आणि पाणी आहे, बस्स.”

“पण घर डिस्कवर नसतं ना?”

“नसतं. डिस्कवर कोरं बेट. घर तुमच्या जुन्या मशीनमध्ये होतं, आणि ते तुमच्या मिस्टरांनी इथेच, माझ्यादेखत पुसलं.” त्याने माळ्यावरून एक जुनं मशीन काढून डिस्कसकट पिशवीत घातलं. “घेऊन जा. परत आणलं नाही तरी चालेल. खरं तर... आणूच नका.”

ती घरी पोचली तेव्हा सहाला दहा कमी होते. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि खोलीत टीव्हीचाच काय तो उजेड. सासरे भराभर चिठ्ठ्या वाचत होते, ओठ हलवत, एकीवरून दुसरीवर, जणू शेवटची बस सुटायच्या आत सगळे प्रवासी आत घ्यायचे होते. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.

सहा वाजले. बेट गेलं. करड्या पडद्याकडे बघत सासरे रिमोट धरून बसले, आणि त्यांचे अंगठे तसेच बटणं दाबत राहिले.

“बाबा, जरा सरका,” सून म्हणाली. तिने जुनं मशीन जोडलं. “घर मिळणार नाही. पण कोरं बेट तरी आपलं राहील. ते कोणी काढून घेणार नाही.”

डिस्क आत गेली. मशीन घुरघुरलं. आणि खोलीत स्पिरिटचा वास पसरला, दवाखान्यात इंजेक्शनआधी कापूस दंडावर फिरवतात तसा. गेमने नवीन खेळाडूचं नाव विचारायला हवं होतं. त्याने काहीच विचारलं नाही. थेट बेट आलं. बेटावर घर होतं. दार बंद होतं आणि खिडकीत दिवा होता.

“हे... कसं?” सासरे पुटपुटले.

“ठोठावा ना, बाबा.”

त्यांनी बटण दाबलं. दार लगेच उघडलं. आत एक्केचाळीस चिठ्ठ्या होत्या, एकही कमी नाही. चुलीच्या वरती बेचाळिसावी होती. तिची शाई अजून ओघळत होती.

‘बाबा, आत या. वहिनी, तूही ये. दादा नको.’

त्याच क्षणी बाहेरचं कुलूप पिपाणीसारखं वाजलं. पुन्हा वाजलं. मग दारावर थापा पडल्या.

“अगं, दार उघड! कुलूप माझा अंगठा घेत नाहीये. फोनही उघडत नाही. ऑफिसच्या फाटकाने मला बाहेर सोडलं तेही वॉचमनच्या कार्डावर...”

सासऱ्यांनी मान वळवली. “कोण पाहिजे आपल्याला?”

“बाबा, मी आहे!”

“मी कोण?” सासरे सुनेकडे बघू लागले. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. रस्ता विचारणाऱ्या परक्या माणसाशी असावं तेवढंच सौजन्य होतं. “सूनबाई, तुझ्या ओळखीचं आहे का कोणी?”

पडद्यावर प्रश्न आला होता. ‘याला आत घ्यायचं?’ खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही.

सासऱ्यांनी रिमोट तिच्या हातात दिला. “तूच बघ, बाई. मी काही या माणसाला ओळखत नाही.”

ती दाराकडे गेली. चार महिने गिळलेलं सगळं घशाशी आलं होतं.

“अटी वाचल्या होत्यास?” तिने विचारलं.

बाहेर थापा थांबल्या.

“काढून घेताना विचारलं होतंस? म्हाताऱ्या माणसाकडे एवढंच उरलं होतं. तेवढंही तुला सोपं करायचं होतं? आणि वर भाषा कशी वाटली म्हणून विचारतोस?” आवाज इतका चढला की तिलाच तो परका वाटला. असा खरखरीत, दम लागल्यासारखा आवाज तिचा नव्हता.

 दारापलीकडून नवरा अगदी लहान मुलासारखा म्हणाला, “ठिणगे...?”

 सुनेने रिमोटकडे पाहिलं. तिचा अंगठा ‘नाही’वर टेकलेला होता. तो तिथे कधी गेला, तिला आठवेना. तिने तो उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा कुणीतरी तो वरून दाबून धरल्यासारखा जड लागला.

“ठिणगे, पुरे,” ती कुजबुजली. “माझाही नवरा आहे तो. जसा आहे तसा.”

अंगठा सुटला. तिने ‘हो’ दाबलं.

कुलूप खट्कन उघडलं. नवरा आत आला, घामाने निथळलेला, आणि बापाच्या पायाशी बसला. सासऱ्यांनी अंग चोरून जागा केली.

“या,” ते म्हणाले. “पाणी घेणार का आपण?”

पडद्यावर अक्षरं उमटली. ‘दादा. परवानगी: आठ दिवस.’

सुनेने वाकून मशीनची वायर भिंतीतून ओढून काढली. डिस्क फिरायची थांबली. पडदा विझला नाही. पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ उमटू लागली, एकेक अक्षर सावकाश.

‘वहिनी. परवानगी:’

पुढे काहीच आलं नाही. तिथे नुसती एक बारीक उभी रेघ लुकलुकत राहिली. दिसायची, जायची, पुन्हा दिसायची... लिहिणाऱ्याचं अजून ठरत नसल्यासारखी.