अक्षर थोडं मोठं काढा

संध्याचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. त्या लग्नात आचाऱ्यानं वरणात दोनदा मीठ टाकलं, म्हणून घरात ते साल कोणी विसरत नाही. नवरीचे वडील अण्णासाहेब हात जोडून पंगतीतून फिरत होते. "जेवण कसं हाय, पाव्हणे?" पाव्हणे म्हणायचे, "फस्कलास." आणि वरणाची वाटी हळूच पत्रावळीमागं सरकवायचे. संध्याकाळी सगळं उरकलं, तेव्हा वरणाचं पातेलं जवळजवळ भरलेलंच होतं. संध्याची धाकटी बहीण दैवशाला त्या पातेल्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. लोक चांगलं म्हणतात त्यावरचा तिचा विश्वास त्या दिवशी थोडा उडाला.

तिला हे इतकं लागायला कारण होतं. ती गोष्टी लिहायची.

त्याच्या आदल्या वर्षी टीव्हीवर 'माळावरची रेवा' नावाची मालिका लागायची. मेंढपाळ केशव आणि मास्तरांची मुलगी रेवा. दोघांचं जुळायच्या आतच मालिका एकाएकी बंद पडली. बघणाऱ्या बाया-पोरी हळहळल्या. मग मोबाईलमधल्या गोष्टींच्या एका ॲपवर कुणीतरी केशव-रेवाची पुढची गोष्ट स्वतःच लिहून टाकली. तिचं बघून दुसरीनं लिहिली, तिसरीनं लिहिली. लिहिणाऱ्यांचा आणि वाचणाऱ्यांचा एक परिवारच तयार झाला. दैवशाला तिथं 'रानजाई' या नावानं लिहायची. खाली अभिप्राय यायचे, 'अप्रतिम ताई', 'खूप छान, पुढचा भाग कधी?' आणि ओळीनं गुलाबाची चित्रं. संध्याच्या लग्नाआधी तिला ते गुलाब खरे वाटत होते.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी तिच्या सातव्या भागाखाली एक निराळाच अभिप्राय आला. त्या भागात माळावर अवकाळी पाऊस गाठतो आणि केशव आपली मऊ, उबदार घोंगडी रेवाच्या अंगावर टाकतो. अभिप्राय देणाऱ्याचं नाव होतं 'कोरा चहा'.

'घोंगडी मऊ नसती. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असती. ती ताठ राहती आन् मानेला टोचती. मऊ व्हायला पंधरा-वीस वर्षं जात्यात. केशव तर पंचविशीचा. मंग ही घोंगडी कोणाची? त्याच्या बापाची असंल तर तसं लिहा. न्हाईतर रेवाला टोचू द्या.'

परिवार खवळला. एकीनं लिहिलं, आवडत नसेल तर वाचू नका. दुसरीनं लिहिलं, आधी शुद्ध लिहायला शिका. परिवार सांभाळणाऱ्या बाईंनी दैवशालाला वेगळा निरोप धाडला, 'ताई, या माणसाला काढून टाकू का?'

दैवशालाचे कान तापले होते. हो म्हणायला अंगठा खाली गेलासुद्धा... पण वरणाचं पातेलं आठवलं. ती उठली, आतल्या खोलीत दोरीवर टाकलेली वडिलांची घोंगडी तिनं ओढून घेतली आणि मानेला लावली.

टोचली.

तिनं निरोप लिहिला, 'राहू द्या.' आठव्या भागात केशवच्या खांद्यावर त्याच्या वारलेल्या बापाची घोंगडी आली, आणि लिहिताना दैवशालाचे स्वतःचेच डोळे भरले. असं आधी कधी झालं नव्हतं.

दैवशाला तेव्हा कुंभार पिंपळगावात महेमूदचाचांच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. सातबारे, शाळेचे फॉर्म, आधारच्या नकला. बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. अशाच एका बाजारी एक उंच, उन्हानं रापलेला तरुण गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या बाहीला लोकरीचे दोन-चार तंतू चिकटलेले होते. त्यानं मोबाईल पुढं केला.

"हे कागदावर पाहिजे. अक्षर थोडं मोठं काढा."

दैवशालानं मोबाईल हातात घेतला. तिचाच आठवा भाग होता. वर कोपऱ्यात त्याचं नाव — कोरा चहा.

तिनं मान वर केली नाही. केली असती तर सगळं चेहऱ्यावर दिसलं असतं.

"कोणासाठी?"

"आईसाठी. साक्षरतेच्या वर्गाला जाऊन राह्यली. मोबाईलवर तिला दिसत न्हाई."

"आन् तुम्ही वाचली?"

"वाचली की."

"कशी हाय?"

तो मशिनीतून सरकत येणाऱ्या कागदाकडे बघत म्हणाला, "छान हाय."

दैवशाला चमकली. घोंगडीवर पाच ओळी लिहिणारा माणूस, आणि समोर उभं राहून 'छान'?

"नाव काय टाकू पावतीवर?"

"मल्हारी."

"दैवशाला," चाचांनी मागून हाक दिली, "पावती कधीपासून देऊन राह्यलो आपण? जल्दी कर बेटा, लाइन लागली."

पुढच्या बाजारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. दर वेळी नवा भाग, आणि दर वेळी तेच वाक्य, अक्षर थोडं मोठं काढा. दोन पानांचा भाग सहा पानांवर गेला, मग दहा, मग सोळा. जुनी मशीन कण्हत-कुंथत एकेक कागद बाहेर टाकायची, आणि तेवढा वेळ दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभे.

"आईचा चष्मा बघा एकदा," ती म्हणायची.

"चष्मा नवाच हाय."

"मंग एवढं मोठं अक्षर?"

"तिला घाई न्हाई, मॅडम."

"आन् तुम्हाला?"

"मला... मेंढरं वाट बघत्यात." असं म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही.

चाचांनी एकदा मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, "हा पोरगा सगळ्या बायांना ताई म्हणतो. तुलाच तेवढं मॅडम कसं काय गं?" दैवशालानं उत्तराऐवजी कागदाचं नवं बंडल फोडलं.

आणि इकडं कोरा चहा लिहीतच होता. रेवा चुलीजवळ बसती पण तिच्या डोळ्यांत धूर जात न्हाई, असं कसं. मास्तर एवढे कडक तर शेळी कोण पिळतं घरात. एकेक अभिप्राय दैवशाला तीन-तीनदा वाचायची. रागवायची, मग भाग पुन्हा लिहायची. आपण लिहिलेला शब्दन् शब्द कुणीतरी हातात घेऊन, उलटून बघतंय, हे सुख तिला नवं होतं. आणि ज्याला इतकं दिसतं तो दर बाजारी पाच हातांवर उभा असतो... तो बोलत नाही, पण त्याला आपल्या मनातलं कळतं. या एका गोष्टीवर ती भाळली होती.

सहा महिने असे गेले. मग एकविसावा भाग आला. त्यात रेवा केशववर रुसते आणि केशवनं जवळिकीच्या दोन ओळी म्हटल्या की हसते. दुसऱ्या दिवशी खाली अभिप्राय होता.

'एवढ्यात कोण हसतं? नवरा मला न विचारता बोकड विकून आला तव्हा मी आठ दिवस बोलले न्हाई.'

दैवशालानं वाचलं. पुन्हा वाचलं. बोलले. बोललो नाही, बोलले. आणि नवरा.

 सहा महिने ज्याच्याशी आपण मनातल्या मनात बोलत होतो, तो हा नव्हताच की काय?

बाजाराच्या दिवशी मल्हारी आला. दुपारची वेळ, गर्दी पांगलेली. त्यानं मोबाईल पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"'आठ दिवस बोलले न्हाई' — कोण बोललं न्हाई?"

त्याचा हात तसाच राहिला. "तुम्ही... तुम्ही बी वाचता हे?"

"मी लिहिते."

मल्हारीनं मोबाईलकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"रानजाई?"

"हो."

"आईचं हाय ते सगळं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी रोज वाचून दावतो, ती सूत काढत ऐकती. ती बोलती ते मी जसंच्या तसं टाईप करतो. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई. ती बदलूच देत न्हाई."

"म्हणजे घोंगडी..."

"आईची."

"धूर?"

"आईचा."

"मंग तुमचं काय होतं त्यात?"

 दैवशालाला वाटलं, आता रडू येईल, आणि या माणसासमोर तर मुळीच यायला नको. तिनं उगाच कागदाची कड सरळ केली.

"सहा महिने एकच शब्द ऐकून राह्यले तुमचा. छान. आता खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं माझ्या गोष्टीचं? तुम्हाला."

मल्हारीनं गळ्याभोवतीचा गमछा काढला, पुन्हा गुंडाळला.

"सांगू? राग येईल."

"येऊ द्या."

"तुमचा केशव लई बोलतो. पान-पानभर बोलतो रेवाशी. ज्याला खरंच तसं वाटतं ना मॅडम... त्याला एवढं बोलता येत न्हाई."

"मंग तो काय करंल?"

"तो..." त्यानं दाराबाहेर पाहिलं. "आईला वर्गातलं पुस्तक बराबर दिसतं. त्याचं अक्षर एवढंसंच हाय. तिनं मोठं काढ म्हणून कधीच सांगितलं न्हाई."

दैवशालाला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. सहा पानं, दहा पानं, सोळा पानं. कण्हणारी मशीन. वाट बघणारी मेंढरं.

मागच्या खोलीतून चाचांचा आवाज आला, "मियाँ, माझी शाई कुठं गेली ते आज कळलं."

दैवशाला हसली. अभिप्रायाच्या मानानं जरा लवकरच हसली.

पुढच्या आठवड्यात ती मल्हारीच्या वस्तीवर गेली. त्याची आई गोपिकाबाई दारात चातीवर लोकरीचं सूत काढत बसल्या होत्या, शेजारी पितळीत कोरा चहा. त्यांनी दैवशालाला खालून वरपर्यंत पाहिलं.

"तूच का गं ती मऊ घोंगडीवाली?"

"हो, मीच."

"बस. चहा कर बरं आधी."

तिनं केला. गोपिकाबाईंनी एक घोट घेतला. "साखर जास्ती पडली." दुसरा घोट घेतला. "पण उकळी बराबर." मग आत जाऊन एक जुनी घोंगडी आणली आणि दैवशालाच्या गालाला लावली. सायीसारखी होती. "माझ्या सासूची. मऊ असती, पण अशी. आन् ऐक, पोरगं माझं चांगलं हाय, पण अर्धंच बोलतं. उरलेलं तुलाच समजून घ्यावं लागंल. मागून म्हणशील, कोणी सांगितलं न्हाई."

अण्णासाहेबांनी आपल्या परीनं चौकशी केली. चार गावांत विचारलं, चारी गावांनी मुलगा छान म्हणून सांगितलं. त्यांना वरण आठवलं असावं. ते थेट गोपिकाबाईंकडे गेले आणि मुलाचे सहा दोष ऐकून आले. घरी येऊन म्हणाले, "आपल्या दैवशालाला तिथं कोणी फसवणार न्हाई."

वैशाखात लग्न झालं. जेवायला वरण होतं, आणि ते आधी गोपिकाबाईंनी चाखलं होतं.

चाचांचं दुकान आता मोठं झालं आहे. नवी मशीन सोळा पानं डोळ्याचं पातं लवेपर्यंत काढते. मल्हारी त्या मशिनीकडे जरा नाराजीनंच बघतो.

केशव-रेवाची गोष्ट चाळिसाव्या भागाला संपली. शेवटच्या भागात केशव फार थोडं बोलतो. तो भाग गोपिकाबाईंनी कुणाकडून वाचून घेतला नाही. ओसरीवर बसून बोट ठेवत, ओठ हलवत एकटीनं वाचला. मग मोबाईल मागून घेतला आणि सबंध सकाळ घालवून, एकेक अक्षर शोधत, आयुष्यातला पहिला अभिप्राय स्वतःच्या हातानं लिहिला.

'घोगडी आता बराबर हाय. पन शेवट लई लांबला.'

दैवशालानं शेवटच्या चार ओळी काढून टाकल्या.

गोपिकाबाई दोन हजार पंचवीस साली, दिवाळीनंतर दहाव्या दिवशी सकाळी वारल्या.