आनंदनगरीतले ताक

बारावीच्या अर्शीच्या दप्तरातून मोरचुदाची पुडी निघाली, तोपर्यंत तिच्या स्टॉलवरचे ताक पिऊन ओकणारी मुले रुग्णवाहिकेतून देगलूरच्या रुग्णालयाकडे रवाना झाली होती. पर्यवेक्षक बसवंत सरांनी पुडी उंच धरली आणि अर्शीचे नाव, वडिलांच्या नावासकट, माइकवरून सगळ्या मैदानाला ऐकवले.

स्नेहसंमेलनाच्या त्या सप्ताहाचे ब्रीद होते ‘आपली परंपरा’. विद्यार्थी खाद्यपदार्थ विकतात त्या आनंदनगरीत प्लास्टिकला बंदी होती. विवेकाला बंदी असल्याचे कोणी जाहीर केले नव्हते. ती आपोआप पाळली गेली.

रसायनशास्त्राच्या विशाखा मॅडमना प्रयोगशाळा उघडायला लावण्यात आली. एका पेल्यात उरलेले ताक त्यांनी गाळले, निवळीत अमोनिया टाकला. निवळी निळी झाली.

“तांबं,” त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापक शेषेराव सरांना तेवढे पुरले. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट; पुडीत तांबे, ताकात तांबे. संध्याकाळी पाहुणे यायचे होते, त्याआधी प्रकरण मिटायला हवे होते. मुलीची टीसी तयार करा, असे लिपिकाला सांगून ते उठले. बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी होती.

“सर, परीक्षण अर्धंच झालंय,” मॅडम म्हणाल्या. “अर्ध्या परीक्षणावर मी पोरांना पास करत नाही.”

पाहुणे येईपर्यंतची मुदत मिळाली.

अर्शी प्रयोगशाळेच्या बाकावर बसली होती. शेजारी तिची आई बेगमबी.

“पुडी तुझी?”

“न्हाई मॅडम. मोरचुदाचे खडे मी केलेले हायेत, पण ते विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलावर उघडेच हायेत. कोणीबी उचलंल.”

“दप्तर कुठं होतं?”

“स्टॉलच्या मागं. मी तवा ओकणाऱ्या पोरांना पाणी देऊन राहिले होते.”

“ताक कुणी केलं?”

“अम्मीनं. काल. स्टीलच्या पातेल्यात होतं. बसवंत सर म्हणले, परंपरेत स्टील बसत न्हाई. संस्थेचा पितळी हंडा दिला. काल सांजंलाच ओतून ठेवलं.”

“हंडा स्वच्छ होता?”

“लई. आतूनबी सोन्यावानी चकाकत होता. सरांनी चिंच लावून घासून घेतला होता, फोटोसाठी.”

बेगमबी पुढे सरकली. “मॅडम, जहर घालायचं होतं तर पैला गिलास माझ्या पोरीनं कशाला पिला असता? तीबी ओकून राहिली. सर म्हणले, संमेलन हाय, नाटक चालायचंच.”

मॅडम हंडा पाहायला गेल्या. तो धुऊन पालथा घातलेला होता. शिपाई म्हणाला की बसवंत सरांनी तो स्वतः धुतला. सरांना भांडे धुताना त्याने आज पहिल्यांदाच पाहिले.

मग त्यांनी रुग्णालयात फोन लावला. मुले सावरली होती. डॉक्टर पुनम यांनी शाळेचे कौतुकच केले. पहिली उलटी होताच बसवंत सरांनी फोन करून पोटात तांबे गेल्याचे सांगितले होते, त्यामुळे उपचारांना क्षणाचाही उशीर झाला नव्हता.

विशाखा मॅडमनी दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत स्टॉलवरच्या ताकाची निवळी. दुसरीत बाजारातून आणलेल्या ताकाची निवळी, आणि तिच्यात पुडीतला एक खडा. दोन्हींत हायड्रोक्लोरिक आम्ल, मग बेरियम क्लोराइड. दुसऱ्या नळीत पांढरा साका उतरला. पहिली नळी स्वच्छ राहिली.

नळ्या घेऊन मॅडम मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. टीसी सहीसाठी टेबलावर होती. बसवंत सर फेटा बांधून बसले होते. अर्शी आणि बेगमबी दाराशी उभ्या राहिल्या.

“खडा ताकात पडला असता,” मॅडम म्हणाल्या, “तर तांब्याबरोबर सल्फेटही उतरलं असतं आणि असा पांढरा साका दिसला असता. स्टॉलवरच्या ताकात तो नाही. या पुडीतला कणही त्या ताकात गेलेला नाही.”

“मग तांबं आलं कुठून?” शेषेराव सरांनी विचारले.

“हंड्यातून. पितळेत तांबं असतं. आंबट पदार्थाला ते लागू नये म्हणून आतून कल्हई करतात. फोटोसाठी चिंच लावून आपण उरलीसुरली कल्हई काढली. ताक रात्रभर कळकत राहिलं, तांबं त्यात उतरत राहिलं. परंपरा हीसुद्धा होती, सर. फक्त तिचा फलक लागला नव्हता.”

“म्हणजे अपघात,” शेषेराव सर सुटकेने म्हणाले.

“अपघात इथं संपतो. पुडी अपघातानं दप्तरात गेली नाही. ती सापडण्याआधी, मी अमोनियाची बाटली उघडण्याआधी, विष तांब्याचं आहे हे एकाच माणसाला ठाऊक होतं. त्यानं ते डॉक्टरांना सांगितलं. मग हंडा धुतला, टेबलावरचे खडे उचलले, आणि ते जिनं केले तिचंच दप्तर शोधलं.”

बसवंत सरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

“पोरं ओकाया लागली तवा हंड्यात डोकावलो,” ते म्हणाले. “काठाला हिरवं दिसलं. हंडा मीच दिलेला. लोकांनी सोडलं असतं का मला?”

“म्हणून अशी मुलगी निवडलीत, जिच्याबद्दल इथं कोणी दुसरा प्रश्न विचारणार नाही.”

“फोनही मीच केला ना? नसता केला तर?”

“तर सुटला असतात. आज तुम्ही एकदाच खरं बोललात, सर. त्यानंच पकडले गेलात.”

शेषेराव सरांनी टीसी फाडली. पाहुणे वेशीपर्यंत आले आहेत, बाकीचे संमेलनानंतर पाहू, असे ते समजुतीने म्हणाले. मुलीला बरे नाही, तिला घरी न्यावे, असेही त्यांनी बेगमबीला सुचवले. बेगमबी निघाली. अर्शी हलली नाही.

“माझं नाव अब्बांच्या नावासकट माइकवर घेतलं, सर,” ती म्हणाली. “आता सरांचंबी तिथंच घ्या. मी ऐकूनच जाते.”

मुख्याध्यापक घड्याळाकडे पाहत राहिले. बाहेर कोणीतरी पाहुण्यांसाठी माइक तपासत होते.

“चला, बसवंत सर,” विशाखा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडून धरले.