सरळ करून ठेवलेले बूट

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर बरं झालं असतं, असं आत्या स्वतःच म्हणते. आणि आत्या काही उगाच काहीबाही बोलणाऱ्यांतली नाही.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. कारण ही भरदुपारची गोष्ट आहे. मंगळवार होता. जेवणं उरकली होती. समोरच्या गॅरेजात पत्रा ठोकायचं काम चाललं होतं, ठाण ठाण ठाण, नेहमीसारखं.

आत्याचं घर रस्त्याला लागूनच आहे. दुमजली. खाली लांबलचक बोळ, बोळाच्या एका टोकाला जिना आणि दुसऱ्या टोकाला जाळीचं दार. दारातून बाहेरच्याला आतलं सगळं दिसतं. मुद्दामच तसं बनवून घेतलं होतं.

आत्याच्या नवऱ्याला सगळं शहर मालक म्हणायचं. कशाचा मालक, ते कोणी विचारायच्या भानगडीत पडत नसे. बंदरावर उतरणारा चोरीचा माल त्याचा, जुगाराचे अड्डे त्याचे, आणि नको झालेली माणसं नाहीशी करायचं कामही त्याचंच. वर्तमानपत्रात त्याच्या नावाआधी 'कुख्यात' हा शब्द लागायचाच, जणू काही पदवीच मिळाली होती. पोलिसांनी कितीदा नेला आणि कितीदा आणून सोडला. एकदाही काही शाबीत झालं नाही.

आता मात्र त्याच मालकाला पाणी चमच्याने पाजावं लागत होतं. अर्धं अंग लुळं पडलेलं, वरच्या खोलीत पलंगावर. माणसं पांगली होती. उरला होता एक दारवाला. जन्मभर त्या जाळीच्या दाराशी बसलेला, आता स्वतःच थकलेला.

आणि आत्या. ती मालकाचं सगळं करत होती. अंग पुसणं, कूस बदलणं, औषधं. पण बोलत नव्हती. जेवा, झोपा, कूस बदला, एवढंच. कित्येक वर्षं त्या घरात नवरा-बायकोत याहून जास्त बोलणं झालेलं नव्हतं.

का, तर धाकट्यामुळे.

धाकटा म्हणजे आत्याचा सगळ्यात लहान भाऊ. आमचा काका. आम्ही त्याला फोटोतच पाहिलंय. सरळ नाकाचा, हसरा, आणि घाई तर पाचवीला पुजलेली. शाळेत जाताना पायात बूट घालायलाही त्याला सवड नसायची. म्हणून आत्या त्याचे बूट दाराकडे टोकं करून ठेवायची. पाय सरकवायचे आणि पळायचं. मोठा झाला, मालकाच्या गाड्या चालवायला लागला, पण मागच्या दाराने तिला भेटायला आला की आत्याचा हात आपोआप त्याच्या बुटांकडे जायचा.

एके दिवशी मालकाचा माल पकडला गेला. कोणीतरी खबर दिली होती आणि गाडी धाकट्याची होती. मालकाने त्याला घरी बोलावून घेतलं. वर खोलीत दोघं बराच वेळ होते. नंतर धाकटा खाली आला, मालकाच्या माणसांबरोबर गाडीत बसला आणि गेला.

तो गेला तो गेलाच.

परदेशी पाठवलाय, असं आत्याला सांगण्यात आलं. तिने त्यावर कधीच विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी रात्री जेवताना ती मालकाला सहज म्हणाली होती की आज धाकट्याचे बूट सरळ करून दिले, लहानपणी द्यायची तसे. मालकाचा घास हातातच राहिला. तो भरल्या ताटावरून उठून गेला. आत्याने तेव्हाच ओळखलं की यानेच घात केलाय. त्या रात्रीपासून तिचं त्याच्याशी बोलणं सुटलं.

आता तो मरायला टेकला होता. आणि आत्याला त्याच्याकडून एकच हवं होतं. माझ्या भावाचं काय केलंत, ते तोंडाने सांगा. बाकी काही नको. तेवढ्यासाठी ती त्याला जगवत होती, असं म्हटलं तरी चालेल. तेवढं मात्र रोज विचारायची. तो रोज भिंतीकडे तोंड फिरवायचा.

तर त्या मंगळवारी आत्या मालकाचा पेला घेऊन जिना उतरत होती.

आणि अचानक...

ठाण ठाण थांबलं.

गॅरेजातलं काम थांबतं अधूनमधून, त्यात काय एवढं. पण रस्त्यावरचे हॉर्नही थांबले होते. स्वयंपाकघरातल्या नळाची टिपटिपसुद्धा.

आत्याने बोळाकडे पाहिलं.

दाराजवळ भिंतीला लागून... बुटांचा एक जोड होता.

कोणीतरी आत येऊन नुकतेच काढून ठेवावेत तसे. टोकं आतल्या बाजूला.

आत्याला आधी रागच आला. दारवाल्याने कोणाला न विचारता आत घेतलं की काय? पण दारवाला खुर्चीत मान टाकून घोरत होता. आणि त्या घरात बूट काढायची पद्धत तर कधीच बंद झाली होती. धाकटा गेला त्यानंतर मालकाने कोणालाही दाराशी बूट काढू दिले नव्हते. लोक चिखलाचे पाय घेऊन वर जायचे आणि आत्या फरशी पुसत बडबडत बसायची.

ती जवळ गेली.

तपकिरी बूट. उजव्याची नाडी तपकिरी, डाव्याची पांढरी.

आत्या बुटांशेजारी खाली बसली. ती पांढरी नाडी तिनेच ओवून दिली होती. तपकिरी तुटली होती आणि नवी आणायला धाकट्याला वेळ नव्हता.

तिने आत हात घातला. बूट आतून गरम होते.

कोणी दुसरं असतं तर किंचाळत बाहेर पळालं असतं. आत्याला भीती वाटली नाही. तिला रडू आलं. आणि रडता रडता तिने तेच केलं जे ती जन्मभर करत आली होती. बूट उचलले, फिरवले आणि दाराकडे टोकं करून नीट ठेवले.

त्याबरोबर बाहेर... गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

आत्या धावत जाळीपाशी गेली. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. मागे वळून पाहते तर बूट नाहीत. समोर पुन्हा पत्रा ठोकायला सुरुवात झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. सगळे आवाज मेले, बूट आले. या वेळी जिन्यावरून पावलंही आली. मोजे घातलेल्या पायांची, मऊ. पावलं खालच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. आत्याने बूट सरळ केले. गाडीचं दार आपटलं. संपलं.

तिसऱ्या दिवशी ती बुटांकडे वाकली तेव्हा दारवाला जागा होता.

तो खुर्चीतून उठायला गेला आणि गुडघ्यावर आपटला. त्याला बूट दिसत होते. तिच्याइतकेच स्पष्ट.

"वहिनी, नका." तो ओरडला. "पाया पडतो तुमच्या, ते फिरवू नका."

पण हाताची सवय ती सवय. बूट फिरले होते. बाहेर दार आपटलं.

दारवाला लहान पोरासारखा रडायला लागला. मग त्याने सांगितलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी त्याने तोंड शिवून ठेवलं होतं, ती.

मालक कधी कोणाला मारायचा हुकूम देत नसे. शब्दच नाही, तर साक्ष कसली? वर भेटायला येणाऱ्याने दाराशी बूट काढायचे. बोलणं झालं की मालक जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभा राहायचा. माणसाला सोडायचं असेल तर नुसता उभा राहायचा. सोडायचं नसेल तर चष्मा काढायचा. मालकाने चष्मा काढला की दारवाला उठून त्या माणसाचे बूट फिरवायचा. टोकं बाहेर. रस्त्यावर गाडीपाशी थांबलेली माणसं जाळीतून बूट बघायची. विचारायचं नाही, बोलायचं नाही. टोकं बाहेर दिसली की त्या माणसाला मोठ्या मानाने गाडीत बसवायचं, आणि मग तो माणूस घरी पोचत नसे. कोर्टात काय सांगणार कोण? बूट सरळ केले म्हणून?

कोणी भेटायला आलेलं असताना घरातल्या बायकांनी पुढच्या दारी यायचं नाही, असा मालकाचा दंडक होता. त्यामुळे आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मालकाने दारवाल्याला सिगारेट आणायला पिटाळलं होतं. खुर्ची रिकामी होती. भाऊ आलाय कळल्यावर आत्याला राहवलं नाही, म्हणून ती पुढे आली होती.

आत्याला सगळं आठवलं. धाकटा जिना उतरून आला होता, बूट बघून हसला होता. "ताई, अजून सरळ करतेस होय गं?" म्हणाला होता. पाय सरकवले आणि निघाला. तिने जाळीतून हात हलवला होता. गाडीतल्या माणसांनीही तिला अदबीने नमस्कार केला होता.

ती जिना चढून वर गेली. कशी चढली, तिला सांगता येत नाही.

मालक जागाच होता. खालचं रडणं त्याने ऐकलं असणार. ती पलंगाजवळ उभी राहिली. आज तिने काही विचारलं नाही.

मालक बराच वेळ ओठ हलवत राहिला. मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखा बोलला.

"मी... चष्मा काढला नव्हता."

आत्या त्याच्या तोंडाजवळ वाकली.

"तुला कळू द्यायचं नव्हतं," तो म्हणाला. "मला दोषी धरत होतीस... ते बरं होतं."

ज्याला तिने इतकी वर्षं पाण्यात पाहिलं, त्याने तिच्यासाठी तो आळ गपचूप अंगावर वागवला होता. आत्याला वाटलं, याच्या पायावर डोकं ठेवावं. त्याच वेळी वाटलं, उशी घेऊन याचं तोंड दाबावं. तिने दोन्ही केलं नाही. पदराने त्याच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली.

"हात माझा होता," ती म्हणाली. "पण पद्धत तुमची होती."

मालकाने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर तो कोणाशीच बोलला नाही.

पुढच्या दुपारी आत्या आधीपासूनच बोळात जाऊन बसली. आवाज थांबले. बूट आले, टोकं आत. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. जिन्यावरून मोज्यांची पावलं उतरली... तिच्या पाठीशी येऊन थांबली.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"बस रे जरा," ती म्हणाली. "कसली एवढी घाई असते तुला?"

मागे फरशीवर कोणीतरी टेकल्यासारखं झालं. दोघं तशीच बसून राहिली. दारवाला शपथेवर सांगतो की त्याला आत्या एकटीच दिसत होती, पण हुंदके दोन माणसांचे ऐकू येत होते. संध्याकाळी त्याने दिवा लावला तेव्हा बूट नव्हते. त्या दिवशी गाडीचं दार आपटलं नाही.

असं बरेच दिवस चाललं. आत्या त्याला घरातलं सगळं सांगायची. आई कशी गेली, आम्ही पोरं कशी मोठी झालो. तिचा चेहरा निवळला होता. आम्हाला वाटलं, नवऱ्याचं आजारपण आता तिच्या अंगवळणी पडलं असेल. खरं काय ते आम्हाला कुठे माहीत होतं?

मग एका सकाळी आत्या खाली आली तेव्हा... दाराशी बूट होते.

पण काळे, कातडी, जड. मालकाचे. कित्येक वर्षं कपाटात कुलपात असलेले.

टोकं बाहेर.

दारवाला म्हणाला, मी नाही वहिनी, देवाशपथ मी नाही. आत्या वर गेली. मालक संपला होता. उघडे डोळे खोलीच्या दाराकडे लागलेले, आणि चष्मा... हातात काढून धरलेला.

ज्याचा हात चमचासुद्धा उचलत नव्हता, त्याने चष्मा कसा काढला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

धाकट्याचे बूट त्यानंतर आले नाहीत. आत्या रोज दुपारी बोळात जाऊन बसायची, बघायची, उठून यायची. आम्ही म्हटलं, झालं ते झालं, आता आमच्याकडे राहायला चल. ती तयार झाली. पिशवी भरली. तिला आणायला आम्ही गेलो, तेव्हा ती बोळात खिळल्यासारखी उभी होती.

दाराशी तिच्या चपला होत्या. रोजच्या, झिजलेल्या. घरात येताना ती काढते तशा वेड्यावाकड्या नव्हत्या. कोणीतरी त्या जोडून, पुसून, नीट ठेवल्या होत्या.

टोकं बाहेर.

"बघा ना," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "आता तो माझ्या सरळ करून ठेवतो. मी त्याचे बूट ठेवायची तशा."

मग हळूहळू तिचं हसू मावळलं.

"की..." एवढंच म्हणाली आणि थांबली.

ती आमच्याबरोबर आली नाही. अजून त्याच घरात आहे. चपला रोज दुपारी फिरतात. ती रोज त्यांच्याजवळ जाते, पाय पुढे करते आणि मागे घेते. तो मायेने करतोय की हिशेब चुकता करतोय, हे तिला कळत नाही. आम्हालाही नाही. तिला विचारलं तर म्हणते, कळेपर्यंत घालायच्या नाहीत, आणि घातल्याशिवाय कळायचं नाही.

आम्ही तिला भेटायला जातो तेव्हा बूट पायातच ठेवतो.